विश्लेषण : ई-रीडरवर मराठी पुस्तक उघडायला नऊ वर्षे का लागली?

किंडल २००७ मध्ये अमेरिकेत आले आणि २००९ मध्ये भारतात पोहोचले. त्यावर मराठी पुस्तके रीतसर विकत मिळू लागली ती २०१६ च्या डिसेंबरात. मधल्या काळात मराठी वाचकाच्या हातात यंत्र होते, पण त्यावर मराठी नव्हती. हा उशीर कशामुळे झाला आणि त्याची किंमत आजही कोण मोजत आहे?

कांजूरमार्गला जलद गाड्या सहसा थांबत नाहीत. इथून सीएसएमटीपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर धीम्या लोकलने जायचे तर पाऊण तास जातो. जाऊन-येऊन दीड तास. या दीड तासाचे करायचे काय, हा मुंबईकरांचा जुना प्रश्न. पूर्वी त्याचे उत्तर चार घड्या घातलेले वर्तमानपत्र, भजनी मंडळ, पत्त्यांचा डाव किंवा पुस्तक असे होते. आता ते फोन असे आहे. हा मजकूरही बहुतेकांनी फोनवरच उघडला असेल. या दोन टप्प्यांच्या मधे, साधारण २०१० ते २०१५ या काळात, आणखी एक वस्तू डब्यात दिसू लागली होती. शाळेतल्या पाटीच्या आकाराहून लहान, राखाडी पडद्याची, ना रंग ना आवाज. पवईच्या आयआयटीत जाणारे-येणारे कांजूरमार्गलाच उतरतात, तेव्हा या स्थानकावर ती जरा जास्त दिसली तर नवल नव्हते.

ही पाटी हातात धरलेला माणूस घरी मराठी बोलणारा असो, त्याच्या कपाटात मराठी पुस्तकांच्या रांगा असोत, पाटीवर तो इंग्रजीच वाचत असे. त्यात त्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. त्या पाटीला मराठी येत नव्हते, इतकेच.

ते यंत्र होते तरी कसे?

ई-पुस्तकाचे यंत्र किंडलच्या आधीही होते. 'रॉकेट ई-बुक' १९९८ मध्ये अमेरिकेत विकले जात होते, पण त्याचा पडदा त्या काळच्या लॅपटॉपसारखा होता आणि डोळ्यांना तितकाच त्रासदायक. खरा बदल झाला तो ई-इंकमुळे. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये या कल्पनेवर काम झाले आणि १९९७ मध्ये ई-इंक नावाची कंपनी निघाली. तिचा पडदा वापरून सोनीने २००४ मध्ये जपानमध्ये 'लिब्री' हे यंत्र आणले. अॅमेझॉनचे किंडल आले १९ नोव्हेंबर २००७ रोजी, ३९९ डॉलरला, आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला.

ई-इंकची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पडद्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत स्वच्छ द्रव आणि त्यात तरंगणारे दोन प्रकारचे कण : पांढरे आणि काळे. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. खालून विजेचा दाब बदलला की पांढरे वर येतात, काळे तळाला जातात किंवा उलट. एकदा का कण आपापल्या जागी बसले की ते टिकवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती फक्त पान उलटताना. म्हणून फोन संध्याकाळपर्यंत मान टाकतो आणि ही पाटी एका चार्जवर आठवडे काढते. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, तो बाहेरचाच उजेड परत फेकतो, कागदासारखा. भर उन्हात, फलाटावर, फोनचा पडदा काळाठिक्कर दिसतो तेव्हा यावरची अक्षरे उलट अधिक ठळक होतात. अंधारात मात्र दिवा लावावाच लागे. पडद्याला पुढून उजेड देणारे किंडल २०१२ मध्ये आले.

पहिल्या किंडलचे वजन तीनशे ग्रॅमच्या आत होते, पडदा सहा इंची, आणि आत सुमारे दोनशे पुस्तके मावत. पान उलटले की पडदा क्षणभर पूर्ण काळा होऊन मग नवे पान उमटे. नव्या माणसाला यंत्र बिघडले असेच वाटे. आठवडाभरात डोळा ते पाहणेच सोडून देई. पान उलटायची बटणे डाव्या आणि उजव्या दोन्ही कडांना होती, आणि लोकलच्या प्रवाशासाठी या यंत्रातली सर्वात मोलाची गोष्ट कदाचित हीच असावी. एका हाताने वरची कडी धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटायचे. चारशे पानांची छापील कादंबरी एका हाताने उघडी धरून वाचून पाहा म्हणजे फरक कळेल. शिवाय घामाने किंवा पावसाने ओले झालेले बोट टचस्क्रीनला कळत नाही, बटणाला कळते. पुढे कंपन्यांनी बटणे काढून टाकली, ही प्रगती होती असे आम्हाला वाटत नाही.

आणखी एक सोय होती, तिच्याकडे तरुण ग्राहकांचे फारसे लक्ष गेले नाही. अक्षरांचा आकार बदलता येई. पहिल्या किंडलमध्ये सहा आकार होते, २०१० च्या किंडलमध्ये आठ. मोतीबिंदू झालेल्या, चष्म्याचा नंबर वाढत चाललेल्या, भिंग घेऊन वाचणाऱ्या माणसासाठी ही सोय म्हणजे सुटलेले वाचन परत मिळण्यासारखे होते. इंग्रजीत अशा वाचकांसाठी मोठ्या टाइपातील छापील पुस्तकांची वेगळी परंपरा आहे, मराठीत ती जवळजवळ नाही. म्हणजे ज्या भाषेला या सोयीची गरज अधिक होती, तिलाच ती मिळत नव्हती.

भारतात किंडल ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतून मागवता येऊ लागले. किंमत २७९ डॉलर, तेव्हाच्या दराने तेरा हजारांच्या आसपास, वर आयातशुल्क आणि पाठवणी. ऑगस्ट २०१२ मध्ये ते क्रोमाच्या दुकानांत ६,९९९ रुपयांना मिळू लागले आणि पुस्तकांच्या किमतीही रुपयांत दिसू लागल्या. तोवर ज्यांनी घेतले, त्यांपैकी अनेकांनी ते अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्याच्या बॅगेतून आणवले होते. घरच्या आजोबांनी कौतुकाने विचारावे, 'यात श्यामची आई आहे का?', आणि उत्तर देताना पंचाईत व्हावी, असा तो काळ होता.

मग मराठी का दिसेना?

'कंपनीला मराठी बाजारपेठेत रस नव्हता' हे सोपे उत्तर आहे आणि ते अर्धे खरेही आहे. उरलेले अर्धे लिपीत आहे.

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. जगातल्या सगळ्या लिप्यांना असे क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. पण क्रमांक ठरला म्हणजे अक्षर दिसले असे होत नाही. इंग्रजीत एक क्रमांक म्हणजे एक आकृती, आणि त्या आकृत्या एकापुढे एक ठेवल्या की शब्द तयार. देवनागरीत 'कि' लिहिताना आधी 'क' साठवला जातो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, दाखवताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. 'क्ष' हे साठवणीत तीन तुकडे असतात : क, हलन्ताची खूण आणि ष. दाखवताना त्यांची एकच आकृती व्हायला हवी. 'र्क' मधला रफार उच्चारात आधी, पण दिसायला शेवटी आणि तोही डोक्यावर. ही जुळणी करणारी एक वेगळी आज्ञावली लागते. ती नसेल तर फॉन्ट कितीही सुंदर असो, वेलांट्या चुकीच्या अक्षराला चिकटतात, जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली दिसतात. आणि फॉन्टही नसेल तर नुसते रिकामे चौकोन. पहिल्या पिढीच्या ई-रीडरवर मराठी मजकूर टाकणाऱ्यांना या चौकोनांचा चांगलाच परिचय झाला.

२०१० मध्ये तिसरे किंडल आले तेव्हा त्यात रशियन, चिनी, जपानी आणि कोरियन अक्षरे दाखवण्याची सोय होती. चिनी लिपीत हजारो चिन्हे आहेत, मग ती जमली आणि आपली पन्नासेक अक्षरे का नाहीत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. चिनी चिन्हे हजारो असली तरी प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र आकृती आहे. मोठा फॉन्ट भरला की काम झाले. देवनागरीला मोठा फॉन्ट पुरत नाही, तिला जुळारी लागतो.

पण म्हणून कंपन्यांना निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. हा जुळारी तोवर अस्तित्वात होताच. विंडोज २००० मध्ये देवनागरी नीट दिसत होती. त्यासोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवलेला. सुलेखनकार, कवी आणि शिक्षक असलेल्या जोशी यांनी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, अनेक वर्षे शिकवले. म्हणजे जगभरच्या संगणकांवर मराठी ज्या फॉन्टात प्रथम सर्रास वाचली गेली, त्याच्या कर्त्याच्या कामाची जागा कांजूरमार्ग स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर होती. जोशी फेब्रुवारी २००८ मध्ये गेले, पहिले किंडल येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. त्याच आवारात भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र आहे, जिथे मराठी वर्डनेटचे काम झाले. ज्ञान होते, माणसे होती, प्रमाणेही होती. पाटी बनवणाऱ्यांना ती घ्यावीशी वाटली नाहीत, कारण मराठी पुस्तक किंडलवर विकत घेणारा ग्राहक त्यांच्या हिशेबात दिसत नव्हता. आणि दिसणार तरी कसा, पुस्तकच दिसत नव्हते तर?

मराठीच्या स्वतःच्या काही खोडी आहेत, त्याही सांगायला हव्यात. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिले विद्वान, दुसरे स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला हा अर्धचंद्री 'र' लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी तपासलेल्या अनेक फॉन्टांत तो धड नसे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तोच २००८ मध्ये. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणेही हिंदीहून वेगळी, आणि राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना मराठी वळणाचाच आग्रह धरला. यंत्रात मात्र जो फॉन्ट येई तो बहुधा हिंदीची सवय असलेला. कोणाला हा बारकावा वाटेल. पण तीनशे पानांच्या कादंबरीत प्रत्येक 'ल' परका दिसला की वाचनाची लय तुटते, हे वाचणाऱ्याला विचारावे.

प्रकाशकांच्या घरातली अडचण वेगळीच होती. नव्वदच्या दशकापासून मराठी पुस्तके पेजमेकरमध्ये, श्री-लिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टांत जुळवली गेली. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असत. छापून आलेले पान देखणे, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला. तो फॉन्ट काढून घेतला की एक शब्द वाचता येत नाही. त्यामुळे ज्या पुस्तकाची 'सॉफ्ट कॉपी' प्रकाशकाकडे होती, ती ई-पुस्तक करायला निरुपयोगी ठरली. रूपांतराच्या आज्ञावल्या आहेत, पण त्या रफार, अर्धा र, अनुस्वार यांत हमखास घसरतात, आणि मग सगळे पुस्तक पुन्हा मुद्रितशोधकाकडे द्यावे लागते. हजार-अकराशेच्या आवृत्त्या काढणाऱ्या प्रकाशकाने हा खर्च कोणत्या आशेवर करायचा? आपल्याकडे मराठीच्या नावाने गळा काढणारे पुष्कळ, पण या मुद्रितशोधनाचे पैसे कोण देणार हा प्रश्न कुठल्याही व्यासपीठावर विचारला गेल्याचे आठवत नाही.

तोवर वाचकांनी काय केले?

जुगाड. मराठी मजकूर दिसत नाही, पण मराठी पानाचे चित्र दिसते, हे लोकांनी लगेच हेरले. म्हणून पीडीएफ. तिच्यात फॉन्ट आत बांधलेला असतो किंवा पान हे सरळ छायाचित्रच असते, त्यामुळे यंत्राला भाषा येण्याची गरज उरत नाही. ठाण्याच्या ई-साहित्य प्रतिष्ठानाने मोफत मराठी पुस्तकांच्या अशा पीडीएफ ईमेलने घरोघर पोहोचवल्या. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली जुनी मराठी पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर मिळत. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांना खुले झाले. वर विचारलेल्या आजोबांच्या प्रश्नाला तेव्हापासून 'आहे' असे उत्तर देता येऊ लागले, निदान कायद्याने.

पण पीडीएफची गणिते पडद्यावर जमत नव्हती. आपले नेहमीचे डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची ई-रीडरच्या पडद्याची उंची जेमतेम पावणेपाच इंच. पूर्ण पान त्यात बसवले की १४ पॉइंटचा टाइप ८ पॉइंटचा होतो, म्हणजे औषधाच्या पाकिटावरच्या सूचनेएवढा. मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचणे हा मध्यममार्ग. काही जण संगणकावर पानाचे समास कातरून मग फाइल आत टाकत. म्हणजे ज्या सोयीसाठी हे यंत्र घ्यावे, अक्षर मोठे करण्याची, तीच मराठीत बंद. शब्दावर बोट ठेवून अर्थ पाहण्याची सोयही बंद. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर केव्हाचा मोफत शोधता येतो, पण तो आणि पाटी यांची गाठ पडली नाही. यंत्र झोपले की पडद्यावर एमिली डिकिन्सन, ज्यूल्स व्हर्न अशा लेखकांची चित्रे येत. ती मात्र भाषेवाचून दिसत.

देशी प्रयत्नही झाले. अहमदाबादच्या इन्फिबीमने २०१० मध्ये 'पाय' हे यंत्र ९,९९९ रुपयांना आणले. 'विंक' हे दुसरे. दोघांनीही भारतीय भाषांचे नाव घेतले, पण यंत्रावर वाचायला पुस्तके नसतील तर भाषेच्या सोयीचे करायचे काय? दोन्ही फार काळ टिकली नाहीत. पुण्याच्या बुकगंगाने वेगळा रस्ता धरला : यंत्राच्या नादी न लागता स्वतःचे दुकान आणि स्वतःचे ॲप. अनेक मराठी वाचकांनी आयुष्यातले पहिले विकतचे ई-पुस्तक तिथेच घेतले. न्यूजहंटने २०१३-१४ च्या सुमारास भारतीय भाषांतली स्वस्त ई-पुस्तके फोनवर विकून पाहिली. बहुतेक अँड्रॉइड फोनांत देवनागरी नीट दिसू लागली तीही २०११-१२ च्या आसपासच. म्हणजे मराठी ई-पुस्तक पाटीला वळसा घालून सरळ फोनवर पोहोचले. डिसेंबर २०१६ मध्ये अॅमेझॉनने हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्यासह मराठी पुस्तके किंडलवर आणली, तेव्हा ज्यांची वाट पाहून दमछाक झाली होती त्यांनी पाटी कधीच खणात टाकली होती.

फोनवर वाचता येते, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. तक्रार अशी की फोनवर पुस्तक उघडते आणि तिसऱ्या पानावर व्हॉट्सॲपची खूण येते. पाटीवर काहीच येत नसे. तिची सगळी गरिबीच तिचा गुण होती. एका पिढीला इंग्रजीत असे काही वर्षे अखंड वाचायला मिळाले. मराठीत त्या पिढीने त्याच वर्षांत पीडीएफशी झटापट केली आणि मग सोडून दिले. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांतले किती या काळात इंग्रजी वाचनाकडे कायमचे सरकले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

विकत घेतले म्हणजे आपले झाले का?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही किंडलधारकांची विकत घेतलेली पुस्तके रातोरात त्यांच्या यंत्रांतून नाहीशी झाली. ज्या विक्रेत्याने ती चढवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून अॅमेझॉनने ती दूरवरून पुसली आणि पैसे परत केले. पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेलची, '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म'. नियतीलाही कधी कधी विनोद सुचतो. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, पण एक गोष्ट सर्वांना कळून चुकली : विकत घेतलेले ई-पुस्तक म्हणजे बहुतेक वेळा वाचण्याची परवानगी असते. रद्दीवाल्याला विकता येत नाही, मुलीला लग्नात देता येत नाही.

दुकान बंद पडले तर? फ्लिपकार्टने २०१५ च्या अखेरीस ई-पुस्तकांची विक्री थांबवली आणि ग्राहकांना कोबोकडे वळवले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तक दुकान बंद करून पैसे परत दिले, पुस्तके मात्र गेली. चीनमधले किंडलचे दुकान जून २०२३ मध्ये बंद झाले. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अॅमेझॉनने विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून वायरीने यंत्रात टाकण्याची सोयही काढून घेतली. जुन्या पाट्यांना हीच सोय सर्वाधिक उपयोगी होती.

करातही गंमत आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता, जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्के झाला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकांसाठी. जे फक्त ई-रूपात निघते त्याला ही सवलत नाही. म्हणजे प्रकाशक न मिळालेल्या मराठी लेखकाने कागदाचा खर्च टाळून थेट ई-पुस्तक काढले, तर त्याच्यावर कर जास्त. याला तर्क असेल तर तो अर्थ मंत्रालयालाच ठाऊक.

आता काय अडते?

यंत्र आता अडवत नाही. आजच्या ई-रीडरवर आणि फोनवर देवनागरी उत्तम दिसते. मुंबईतल्याच एक टाइपसारख्या गटाने 'मुक्त' आणि 'बलू' असे फॉन्ट फुकट उपलब्ध करून दिले आहेत. अडते ते मजकुरापाशी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६० पासून काढलेल्या ग्रंथांपैकी बरेचसे आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. ही मोठीच गोष्ट, इतर अनेक राज्यांनी हेवा करावा अशी. पण त्यांतले बरेच जुने ग्रंथ म्हणजे छापील पानांची छायाचित्रे आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे करता येत नाही, अंध वाचकाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाहीत. याउलट मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे शाळकरी मुलाच्या फोनवरही तो शोधात सापडतो. एकाच राज्य सरकारच्या या दोन कामांतला फरक पाहिला की पुढे काय करायला हवे ते वेगळे सांगावे लागत नाही.

तरी दोन मागण्या स्पष्टपणे मांडायला हव्यात. मराठी पुस्तकांना सरकारी अनुदान मिळते, नवलेखकांसाठी योजना आहे, ग्रंथालयांसाठी खरेदी होते. या प्रत्येक ठिकाणी छापील प्रतींबरोबर युनिकोडमधील मजकुराची एक फाइल घेण्याची अट घालता येईल. ही फाइल लगेच खुली करायची नाही, लेखक-प्रकाशकाचे हक्क अबाधित ठेवून ती फक्त जपायची. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती मुंबईसह चार ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. तो कायदा कागदाचा विचार करून झाला, त्याला सत्तर वर्षे झाली. दुसरी मागणी पैशाची. हक्क संपलेल्या जुन्या ग्रंथांचे स्कॅन यंत्राकडून वाचवून घेता येतात, पण ते मुद्रितशोधकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय वाचण्याजोगे होत नाहीत. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक हे काम आज विनामोबदला, पान पान करून करत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासोबत येणाऱ्या निधीतला काही भाग शोधनिबंधांच्या परिसंवादांऐवजी या कामाला लागला, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत भिंगाने वाचणाऱ्या वाचकाला तो आधी पोहोचेल.

तोवर वाचकाला एक साधी चाचणी करता येईल. फोनवर जे मराठी ई-पुस्तक उघडले असेल, त्यातल्या एका शब्दावर बोट दाबून धरा. तो एकटा शब्द निवडला गेला तर तो मजकूर आहे. शब्द हलला नाही आणि सगळे पानच बोटाबरोबर सरकू लागले, तर ते छायाचित्र आहे. दैनिकांच्या ई-पेपरलाही ही चाचणी लावून पाहायला हरकत नाही.